एनएफएसवर एलएस अडकतं, अर्धी यादी देतं किंवा नवी फाइल दाखवत नाही: कुठून शोधायला लागायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिनक्स सर्व्हरवरची, ईएक्सटी४ फाइल सिस्टमवर असलेली एक डिरेक्टरी तीन-चार मशिनांवर (म्हणजे क्लायंटांवर) एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वाटणाऱ्या प्रणालीने, माउंट केली आहे आणि तिच्यात काही लाख फाइली आहेत. एलएस ही यादीची आज्ञा दिली की कधी कधी बराच वेळ काहीच येत नाही. एका मशिनवर बनवलेली फाइल दुसऱ्यावर लगेच दिसत नाही. रात्रीच्या स्क्रिप्टला कधीतरी अर्धीच यादी मिळते. एकदा क्लायंटच्या कर्नल लॉगमध्ये ‘रीडडिर लूप’ असा मजकूरही आला. सर्व्हर रीबूट करून आणि माउंटचे पर्याय बदलून पाहिले, पण फरक पडला नाही.

हे चार वेगळे आजार आहेत, आणि माझ्या मते चारही एकाच औषधाने बरे करायला गेल्यामुळेच तुम्ही अडकला आहात. माउंटचे पर्याय आधी पूर्ववत करा. नो-एसी (फाइलींच्या माहितीची कॅश, म्हणजे क्लायंटने जवळ साठवलेली प्रत, बंद करणारा पर्याय) वगैरे लावून ठेवलं असेल तर तेही काढा. खरं वागणं काय आहे ते दिसल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट आधी पक्की करू. यादी हा डिरेक्टरीचा फोटो नसतो. क्लायंट सर्व्हरकडे यादीचा एक तुकडा मागतो. सर्व्हर काही नावं देतो आणि प्रत्येक नावासोबत एक आकडा देतो, त्याला कुकी म्हणतात. पुढचा तुकडा मागताना क्लायंट शेवटची कुकी परत पाठवतो, म्हणजे ‘इथून पुढचं दे’. पोथीत मोरपीस ठेवावं तसं. फरक इतकाच की मोरपीस वाचणाऱ्याच्या हातात असतं आणि पोथीची पानं दरम्यान दुसरंच कोणीतरी घालत-काढत असतं. सर्व्हर मधल्या काळात काहीही लक्षात ठेवत नाही, तो रीबूट झाला तरी ती कुकी चालली पाहिजे. एनएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीत ही कुकी ३२ बिटांची होती. १९९५च्या तिसऱ्या आवृत्तीत ती ६४ बिटांची झाली आणि तिच्या जोडीला कुकी अजून वैध आहे का हे तपासणारा एक आकडा आला. यादी चालू असताना बनलेली किंवा पुसलेली फाइल यादीत यावी की नाही, हे पॉझिक्स या युनिक्स मानकाने मुद्दाम मोकळं सोडलं आहे. त्यामुळे ‘यादी चुकली’ म्हणण्याआधी ती फाइल यादी सुरू होण्यापूर्वीपासून तिथे होती का, हे बघा. ती आधीपासून असेल आणि तरी आली नसेल, तरच दोष आहे.

आता उशिराकडे. पहिला संशयित सर्व्हर नाही, खुद्द एलएस आहे. बहुतेक वितरणांत एलएस हे रंगीत यादीचं टोपणनाव असतं. रंग ठरवायला प्रत्येक फाइलची माहिती वेगळी विचारावी लागते, आणि वर्णानुक्रम लावायचा म्हणून शेवटचं नाव येईपर्यंत पहिलं नाव छापलं जात नाही. म्हणून एलएसच्या आधी उलटी तिरकी रेघ देऊन टोपणनाव टाळा, लहान एफचा पर्याय द्या म्हणजे क्रम लागणार नाही, आणि निकाल डब्ल्यूसीकडे वळवून नुसत्या ओळी मोजा. त्यापुढे टाइम लावून किती वेळ गेला ते बघा. (आकडा दोनने जास्त येईल, एक टिंब आणि दोन टिंबं यांचा.) ही आज्ञा काही सेकंदांत संपली आणि साधं एलएस -एल मिनिटं घेत असेल, तर तुमची यादी ठीक आहे. वेळ खातंय ते एकेका फाइलची माहिती विचारणं. एसट्रेस ही सिस्टम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या मागण्या) दाखवणारी आज्ञा मोठ्या टीसह, लहान टी नव्हे, चालवलीत की प्रत्येक सिस्टम कॉलला लागलेला वेळ दिसतो. गेटडेंट्स६४ला (यादी वाचणं) वेळ लागतोय की स्टॅटएक्सला (एकेका फाइलची माहिती विचारणं), हे तिथे उघड होतं.

सर्व्हरवर ईएक्सटी४ असेल तर याला आणखी एक कारण आहे. तिथे मोठ्या डिरेक्टरीतली नावं हॅशच्या, म्हणजे नावावरून गणिताने काढलेल्या आकड्याच्या, क्रमाने येतात. आयनोड (फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदी) मात्र डिस्कवर साधारण फाइली बनल्या त्या क्रमाने पडलेले असतात. म्हणजे यादीच्या क्रमाने माहिती विचारत गेलं की डिस्क इकडून तिकडे उड्या मारते. फिरत्या डिस्कवर, कॅश थंड असताना, हे फार महागात पडतं. दुसऱ्यांदा तीच आज्ञा झटकन चालली तर दुखणं इथेच आहे. आणि ईएक्सटी४ची डिरेक्टरी एकदा फुगली की फाइली पुसल्या तरी आकसत नाही. एलएस -एलडी देऊन डिरेक्टरीचा स्वतःचा आकार बघा. आत पन्नास फाइली आणि आकार कित्येक मेगाबाइट असं दिसलं तर ते रिकामे ब्लॉक वाचण्यातच वेळ जातोय. नवी डिरेक्टरी बनवून राहिलेल्या फाइली तिच्यात हलवणं हा सरळ मार्ग. फाइल सिस्टम अनमाउंट करून ठेवता येत असेल तर ई२एफएससीके ही दुरुस्तीची आज्ञा मोठ्या डीसह चालवा.

इथेच रीडडिरप्लसची गोष्ट येते. तिसऱ्या आवृत्तीत यादी मागायचे दोन प्रकार आहेत. साध्या रीडडिरमध्ये नाव आणि फाइलचा क्रमांक मिळतो. रीडडिरप्लसमध्ये त्यासोबत मालक, आकार, वेळ आणि फाइल हँडल (सर्व्हरकडची फाइलची ओळख) सुद्धा मिळतं. एलएस -एल करणाऱ्याला प्लस हे वरदान आहे, कारण लाखभर स्वतंत्र विचारणा वाचतात. पण नुसती नावं हवी असणाऱ्या स्क्रिप्टसाठी सर्व्हरला विनाकारण प्रत्येक आयनोड उचकावा लागतो. लिनक्स क्लायंट अंदाजाने ठरवतो की प्लस वापरायचं की नाही, आणि तो अंदाज कधी कधी चुकतो. नो-आरडिरप्लस हा माउंट पर्याय त्यासाठीच आहे, पण तो लावल्यावर फाइंड मंदावलं तर आश्चर्य वाटू देऊ नका. तिसऱ्या आवृत्तीच्या साध्या रीडडिरमध्ये ‘ही फाइल आहे की डिरेक्टरी’ एवढंही सांगितलेलं नसतं, म्हणून फाइंडला प्रत्येक नावाला विचारावं लागतं. अंदाज करण्यापेक्षा माउंटस्टॅट्स ही आज्ञा चालवा. रीडडिर, रीडडिरप्लस, गेटअ‍ॅटर आणि लुकअप यांच्या ओळींत किती विचारणा झाल्या, सर्व्हरच्या उत्तराला सरासरी किती मिलिसेकंद लागले आणि एकूण किती लागले, सगळं तिथे आहे. उत्तर पटकन येतंय पण एकूण वेळ मोठा आहे, असं दिसलं तर विचारणा क्लायंटच्याच रांगेत ताटकळतेय. मग सर्व्हरला दोष देऊन काही साधणार नाही.

एक जुनं दुखणं इथेच सांगून टाकतो. यादी चालू असताना त्याच डिरेक्टरीत कोणी सतत फाइली बनवत असेल, तर जुने लिनक्स क्लायंट साठवलेली पानं टाकून देत आणि पुन्हा पहिल्यापासून वाचत. डिरेक्टरी जेवढी मोठी तेवढा हा फेरा वाढतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला एलएस कधी संपतच नाही असं वाटतं. मे २०२२च्या ५.१८ कर्नलमध्ये एकाच वेळी वाचणारे आणि लिहिणारे असलेल्या मोठ्या डिरेक्टऱ्यांसाठी यादीच्या कॅशवर बरंच काम झालं. तुमचा क्लायंट त्याहून जुना असेल आणि लिहिणारी मशिनं थांबवल्यावर एलएस सुरळीत होत असेल, तर कर्नल बदलणं हाच उपाय. माउंटचे पर्याय तिथे कामाचे नाहीत.

उशीर वेगळा आणि कायमचं अडकणं वेगळं. लहान डिरेक्टरी दिसते, मोठी अडकते, आणि क्लायंटच्या लॉगमध्ये ‘सर्व्हर नॉट रिस्पाँडिंग, स्टिल ट्राइंग’ असं येतं, असं असेल तर फाइल सिस्टम बाजूला ठेवा आणि नेटवर्ककडे जा. दोन्ही टोकांना ९००० बाइटांची जम्बो फ्रेम लावलेली असते आणि मधल्या स्विचचा एखादा पोर्ट १५००वरच राहिलेला असतो. लहान उत्तरं छोट्या पाकिटांत बसतात आणि निघून जातात. मोठ्या यादीचं उत्तर भरगच्च पाकिटात येतं आणि स्विच ते गुपचूप टाकून देतो. टीसीपी तेच पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. तपासायला पिंगला ‘तुकडे करू नको’ सांगणारा -एम डू हा पर्याय आणि ८९७२चा आकार द्या. हा आकडा म्हणजे ९०००मधून आयपी आणि आयसीएमपीच्या शीर्षकांचे २८ बाइट वजा केलेले. साधा पिंग जातो आणि हा जात नाही म्हणजे चोर सापडला. स्टोरेजवाले आणि नेटवर्कवाले दोन वेगळ्या मजल्यांवर बसत असतील तर हा दोष आठवडेच्या आठवडे टिकतो. प्रत्येक जण आपल्या बाजूचा पिंग दाखवत असतो आणि तो नेहमी छोटाच असतो.

आता ‘रीडडिर लूप’. हा मजकूर क्लायंटवर छापला जातो, पण दोष सर्व्हरचा असतो. मजकुरात तसं लिहिलेलंही असतं की सर्व्हर पुरवणाऱ्याशी बोला. ईएक्सटी३ आणि ईएक्सटी४ मोठ्या डिरेक्टरीत नावांचे हॅश काढून त्या क्रमाने झाड लावतात, आणि एनएफएसला दिली जाणारी कुकी म्हणजे तोच हॅश. पूर्वी या हॅशचे ३१ बिटच कुकीत जात. शक्यता सुमारे २१५ कोटी, म्हणजे वाटतं भरपूर. पण इथे एका नावाची दुसऱ्या एका ठरावीक नावाशी तुलना होत नाही, प्रत्येक नावाची प्रत्येकाशी होते. एक लाख फाइलींत जोड्या सुमारे ५०० कोटी होतात, म्हणजे दोन-तीन जोड्यांची कुकी सारखी निघणं अपेक्षितच आहे. दहा लाख फाइलींत अशा दोनशेच्या वर जोड्या. अशा जोडीच्या बरोबर मधोमध उत्तराचा तुकडा संपला की गडबड होते. क्लायंट ‘या कुकीपासून पुढे’ मागतो, सर्व्हरला ती कुकी दोन ठिकाणी दिसते, तो आधीच्या ठिकाणापासून देतो आणि यादी तिथल्या तिथे फिरत राहते. तुकडा कुठे संपेल हे बफरच्या आकारावर आणि नावांच्या लांबीवर ठरतं. म्हणून हा दोष एका क्लायंटवर दिसतो आणि शेजारच्यावर दिसत नाही, आणि चार फाइली पुसल्या की गायब होतो. रीबूटने तो जाणार नाही, कारण हॅशचं बीज (हॅश काढताना मिसळला जाणारा आकडा) फाइल सिस्टमच्या सुपरब्लॉकमध्ये लिहिलेलं असतं.

२०१२च्या ३.४ कर्नलपासून ईएक्सटी४ एनएफएसला ६४ बिटांचा हॅश देऊ लागलं आणि हा प्रकार जवळपास संपला. जवळपास म्हणतो, कारण याच दुरुस्तीने ग्लस्टरएफएस या अनेक सर्व्हरांवर पसरणाऱ्या फाइल सिस्टमचं गणित बिघडवलं. ग्लस्टर त्याच आकड्याचे वरचे बिट रिकामे आहेत असं धरून तिथे आपला मजकूर ठेवत होतं. दुसऱ्याने दिलेल्या कुकीच्या आत काय आहे हे बघायचं नसतं, हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण बिट मोकळे दिसले की हात शिवशिवतात. तुमच्या सर्व्हरचा कर्नल ३.४च्या आधीचा आहे का, किंवा मध्ये एखादं जुनं स्टोरेज उपकरण किंवा युजरस्पेसमधला एनएफएस सर्व्हर बसला आहे का, ते बघा. तोपर्यंत तात्पुरता उपाय: लॉगमध्ये ज्या फाइलचं नाव आलंय तिचं नाव बदला. नाव बदललं की हॅश बदलतो आणि जोडी फुटते. डिरेक्टरी दुसऱ्या फाइल सिस्टमवर नेली तर बीजच वेगळं असतं, तेव्हा या जोड्या सुटतात. मात्र तिथे नव्या जुळणार नाहीत याची हमी कोणी देऊ शकत नाही.

अर्ध्या यादीबद्दल मला तुमच्या स्क्रिप्टवरच संशय आहे. माउंट सॉफ्ट पर्यायाने केलेलं असेल तर सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नाही की कर्नल चूक परत करतो. एलएस तोवर मिळालेली नावं छापतं, ‘रीडिंग डिरेक्टरी’ अशी तक्रार त्रुटीच्या प्रवाहावर टाकतं आणि शून्येतर कोड घेऊन संपतं. क्रॉनमधल्या स्क्रिप्टने त्रुटीचा प्रवाह डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात, ओतला असेल आणि निकालाचा कोड तपासला नसेल, तर अर्धी यादी अख्खी म्हणून पुढे जाते. शेलचा तारा (*) वापरला असेल तर आणखी वाईट, तो तक्रारही करत नाही. मी सॉफ्ट माउंट फक्त वाचण्यापुरत्या, गेलं तरी चालेल अशा डेटासाठी वापरतो. यादी वाचून त्यावर पुसण्याचं किंवा हलवण्याचं काम होणार असेल तर उत्तर येईपर्यंत वाट पाहणारं हार्ड माउंटच हवं.

‘तिकडे बनवली, इकडे दिसत नाही’ हा बहुतेक वेळा दोष नसतोच. लिनक्स क्लायंट डिरेक्टरीची माहिती कमीत कमी ३० आणि जास्तीत जास्त ६० सेकंद कॅशमध्ये धरतो, फाइलींची ३ ते ६०. एसीडिरमिन, एसीडिरमॅक्स, एसीरेगमिन आणि एसीरेगमॅक्स हे ते चार पर्याय. मिनिटभरात आपोआप दिसत असेल तर सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय. कॅशच कारण आहे याची खात्री करायची असेल तर फाइल न दिसणाऱ्या क्लायंटवर त्याच डिरेक्टरीत एखादी तात्पुरती फाइल टच करा. त्या उत्तरासोबत डिरेक्टरीची ताजी वेळ येते, क्लायंटला कळतं की आपल्या नकळत काही बदललंय, आणि हरवलेली फाइल यादीत उभी राहते.

एक उपप्रकार मात्र लोकांना फार छळतो. एखादा प्रोग्राम ‘फाइल आली का, फाइल आली का’ असं सतत विचारत असतो. प्रत्येक ‘नाही’सुद्धा कॅशमध्ये जातं. मग फाइल आल्यावरही काही काळ ‘नाही’ हेच उत्तर मिळतं, आणि ते विचारणाऱ्या प्रोग्रामलाच मिळतं, म्हणून गूढ वाटतं. यावर ‘नाही’ साठवू नको असं सांगणारा लुकअपकॅश=पॉझिटिव्ह हा नेमका उपाय आहे. नो-एसी लावू नका, त्याने दर पावलाला सर्व्हरकडे धाव घेतली जाते आणि लिहिणंही मंदावतं. फार तर त्या एका माउंटपुरतं एसीटायमिओ (वरचे चारही पर्याय एकदम ठरवणारा) काही सेकंदांवर आणा.

मिनिट उलटूनही दिसत नसेल तर मात्र खरं काहीतरी आहे. तिसऱ्या आवृत्तीत डिरेक्टरी बदलली का हे क्लायंट तिच्या बदलाच्या वेळेवरून ओळखतो, आणि ती वेळ सर्व्हरचा कर्नल आपल्या टिकटिकीच्या हिशेबाने लिहितो. सेकंदाला २५० टिक असतील तर ४ मिलिसेकंदांच्या आत झालेले दोन बदल एकाच वेळेचे दिसतात. पहिल्या बदलानंतर लगेच क्लायंटने यादी वाचली आणि त्याच टिकमध्ये दुसरी फाइल बनली, की क्लायंटच्या लेखी काहीच बदललेलं नाही. पुढचा बदल होईपर्यंत ती फाइल यादीबाहेरच राहते. ईएक्सटी३वर वेळेची बारकाई एका सेकंदाचीच, तिथे तर हे सर्रास होतं. चौथ्या आवृत्तीत यासाठी वेगळा बदल-क्रमांक आहे, पण तो सर्व्हरची फाइल सिस्टम नीट पुरवत असेल तरच उपयोगाचा. वेळ गरजेनुसार बारीक लिहिण्याची सोय लिनक्समध्ये ६.१३ कर्नलपासून आली.

काही गोष्टी यादीचा दोष वाटतात पण नसतात. एखादी उपडिरेक्टरी क्लायंटवर रिकामी दिसते आणि सर्व्हरवर भरलेली असते: तिथे सर्व्हरवर दुसरी डिस्क माउंट केलेली आहे आणि एक्स्पोर्टमध्ये क्रॉसएमएनटी (आत माउंट केलेलंही वाटा असं सांगणारा पर्याय) नाही. नावं दिसतात पण पुढे सगळी प्रश्नचिन्हं: डिरेक्टरीला वाचण्याची परवानगी आहे, आत शिरण्याची नाही. एकाच माणसाला ‘परवानगी नाही’ येतं आणि तो खूप गटांत आहे: साध्या ऑथ-सिस ओळखीत १६च गट जातात, सर्व्हरच्या माउंटडीला मॅनेज-जीआयडीज द्या.

तुमच्याकडे फाइलींची नावं मराठीत असतील तर हेही तपासा. लिनक्सचा एनएफएस सर्व्हर नावाकडे निव्वळ बाइट म्हणून बघतो. ‘दऱ्या’ हे एकच नाव तीन प्रकारे टाइप होऊ शकतं: युनिकोड ०९३१चा ऱ वापरून, साधा र आणि खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलंत आणि शून्य रुंदीचा जोडक देऊन. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. यादीत एकच नाव दोनदा दिसतं, किंवा दिसणारी फाइल उघडायला गेलं की ‘अशी फाइल नाही’ असं येतं, त्याचं कारण हे असतं. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या नियमाने समान आहेत. मॅकवरची काही सॉफ्टवेअरं नावं फोडलेल्या रूपात पाठवतात, त्यांच्यासाठी मॅकच्या एनएफएस माउंटमध्ये एनएफसी हा पर्याय आहे. तिसऱ्या प्रकाराला कोणतंही सामान्यीकरण इतर दोघांशी जोडत नाही, तिथे नाव बदलूनच सुटका. आणि फरक शोधताना बाइट मोजून भागत नाही. पहिल्या प्रकारात ऱ आणि हलंत मिळून ६ बाइट होतात, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात दोन्हीकडे ९. त्यामुळे नाव हेक्समध्येच बघावं लागतं. ईएक्सटी४वर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे मात्रा-हलंतांसकट ८५ चिन्हं. विंडोजवरून कॉपी केलेल्या लांबलचक नावांच्या फाइली यादीत नसतील तर त्या मुळात सर्व्हरवर पोचल्याच नसण्याची शक्यता मोठी.

एवढं करूनही उलगडलं नाही तर सर्व्हर आणि क्लायंट दोन्हीकडे एकाच वेळी टीसीपीडम्पने २०४९ या एनएफएसच्या पोर्टवरची वाहतूक पकडा आणि वायरशार्कमध्ये उघडा. तिसऱ्या आवृत्तीत रीडडिरचा क्रमांक १६, रीडडिरप्लसचा १७. चौथ्यात रीडडिर २६. हरवलेलं नाव सर्व्हरच्या उत्तरात आहे का, एवढंच शोधा. उत्तरात असेल आणि एलएसमध्ये नसेल तर क्लायंटकडे बघायचं. उत्तरातच नसेल तर सर्व्हरवर लॉग इन करून त्याच डिरेक्टरीत थेट एलएस द्या: तिथेही नसेल तर एनएफएसचा यात काही संबंध नाही. पुढचा प्रश्न विचारताना दोन्हीकडचे कर्नल, सर्व्हरची फाइल सिस्टम, क्लायंटवर प्रॉक-माउंट्समध्ये दिसणारे पर्याय आणि त्या एका विचारणेचा हा कॅप्चर पाठवा. एफएसटॅबमधली ओळ पाठवू नका, तिथे लिहिलेलं आणि प्रत्यक्षात लागू झालेलं बऱ्याचदा वेगळं असतं.